समुद्राला मोटर

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, त्या एका गावची गोष्ट आहे. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पुढं आहे, एवढं पुरे. ते माझं सासर. आम्ही राहतो जालन्याला. माझा नवरा तातेराव सळईच्या कारखान्यात क्रेन चालवतो, मी घरी ब्लाऊज शिवते. उन्हाळ्यात लेकरं पंधरा दिवस आजीकडं जातात. मागच्या उन्हाळ्यात गेली तेव्हा प्रिया अकरा वर्षांची होती अन् प्रेम सहाचा.

गावात पोहायला एकच विहीर, रखमाजी आण्णाची. आण्णा दोनदा सरपंच झालेला माणूस. एप्रिल-मेमध्ये त्याच्या मळ्यात पोरांचा नुसता दंगा असतो. आण्णाचा नातू सूरज प्रियाच्या वयाचा. तोच म्हणाला, चल, शिकवतो. आमच्याकडं पोहणं शिकायची रीत एकच. तेलाचे दोन रिकामे कॅन पाठीला बांधायचे, दोरी काखेतून घ्यायची अन् वरून उडी मारायची. बाकीचं भीती शिकवते. प्रिया चार दिवस कॅन बांधून शिकली. पाचव्या दिवशी तिनं कॅन सोडले अन् ह्या कडेपासून त्या कडेला गेली. काठावर बसलेला प्रेम टाळ्या वाजवत होता.

तेवढ्यात आण्णा आला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. फक्त विचारलं, "ही कोणाची?"

सूरज म्हणाला, "झुंबरबाईची नात."

झुंबरबाई म्हणजे माझी सासू. तिचं घर गावाच्या कोणत्या अंगाला आहे हे आण्णाला सांगायची गरज नव्हती.

"बरं," आण्णा म्हणाला. "या वर सगळे."

पोरं वर आली. आण्णानं मोटर चालू केली.

लाइन होती तोवर मोटर चालली. पाणी पिकाला नाही सोडलं, बांधापलीकडं नाल्यात सोडलं. एप्रिलचा शेवट. गावाला टँकर चालू. टँकर आला की बाया एकमेकींच्या झिंज्या धरतात अशा दिवसांत ह्या माणसानं विहीरभर पाणी नाल्यात ओतलं. का, तर त्यात माझी पोरगी पोहली. आणि माझी पोरगी ओल्या कपड्यानं बांधावर उभी राहून बघत होती. पाणी एक-एक पायरी खाली गेलं. शेवटी तळ दिसला. गाळ, एक फुटका माठ अन् उताणं पडलेलं कासव. सासू तिला ओढून घरी न्यायला गेली तर हलायला तयार नाही.

सांजच्याला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. आण्णा कमरेवर हात ठेवून विहिरीच्या काठावर उभा. खाली मजकूर, 'स्वखर्चाने विहिरीतील गाळ काढून जलसंवर्धनाचा आदर्श.' त्याखाली बत्तीस अंगठे. त्यातला एक माझ्या दिराचा, राजानंदचा. तो आण्णाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे.

तुम्ही म्हणाल, आता कुठं राहिलंय असलं. तुम्ही म्हणत राहा. मी पोलीस ठाण्यात गेले. जमादारानं चहा पाजला अन् म्हणाला, "बाई, त्यानं त्याच्या विहिरीतली त्याची मोटर चालू केली. तोंडातून एक शब्द काढला का त्यानं? मंग मी कशात बसवू हे?"

खरंच, शब्द काढला नव्हता. आता शब्द काढत नाहीत. बटण दाबतात.

प्रिया घरी आली ती वेगळीच पोरगी होऊन. शाळेची सहल वॉटर पार्कला जाणार होती, ही नाही म्हणाली. पाऊस आला तर अंगणातल्या डबक्यात प्रेम नाचायचा, ही उंबऱ्याच्या आत. एक दिवस मी चिडून विचारलं, "अगं, पाणी काय खातं का तुला?"

तर म्हणाली, "मी उतरले की पाणी जातं मम्मी."

मला वाटलं होतं, पोरगी आण्णाला भ्यायली. भ्यायली असती तर परवडलं असतं. तिनं तर आण्णाचं खरं मानलं होतं. बत्तीस अंगठ्यांनी जे झालं नसतं ते झालं होतं. माझ्या पोटची पोर स्वतःला घाण समजायला लागली होती.

तातेराव कमी बोलतो. आठ तास क्रेनच्या केबिनमध्ये वर एकटा बसणारा माणूस, खाली आला तरी त्याचं तोंड वरच राहतं. पण एका रविवारी जेवता जेवता तो म्हणाला, "तिला समुद्रात नेऊ. बघू कोण उपसतं."

"मुंबईला?" मी विचारलं.

"मुंबई न्हाई. बेट पाहिजे. चारी अंगानं पाणी. मोटर लावायची म्हणलं तर कोणत्या बाजूनं लावंल?"

लग्नाला तेरा वर्षं झाली, एवढं लांब वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

माझी भिशी लागली, त्याला बोनस मिळाला. अंदमानचं ठरलं, डिसेंबरच्या सुट्टीत. कळल्याबरोबर राजानंदचा फोन. "वहिनी, काळ्या पाण्याला चालले म्हणं? तिथं लोकांला शिक्षा म्हणून धाडायचे, तुम्ही तिकीट काढून चालले?"

"हाव भाऊजी. आमचा गुन्हा मोठा हाय. इहिरीत पोहलो."

तो म्हणाला, "तसं न्हाई वहिनी. जायचंच तर बुद्धगयेला जा, काही अर्थ तरी हाय. हे नुस्तं मजा मारायला एवढ्या लांब... लोक बोलून राह्यले."

"काय बोलून राह्यले?"

"माजले म्हणतेत."

आमच्या लोकांनी घराबाहेर पडायचं ते मोर्चाला, नाहीतर दर्शनाला. तिथं गेलं तर कुणी काही विचारत नाही. मजेला चाललो म्हणलं की गावाच्या पोटात कळ उठते. म्हणून मी त्याला मोठ्यानं सांगितलं, "भाऊजी, मजेलाच चाललो. बराबर ऐका. कोणत्याच कामाला न्हाई, कुणाच्या पाया पडायला न्हाई. बिलकुल मजा करायला. सांगा तुमच्या आण्णाला."

मागून सासूनं त्याच्या हातातला फोन हिसकला. "जा माय तुम्ही. अन् येताना बाटलीभर पाणी आण तिथलं. मेल्याच्या इहिरीत ओतते. खारट होऊ दे."

प्रियाला पोहायचे कपडे मीच शिवले, निळ्या लायक्राचे, लांब बाहीचे, गळ्याला लाल पट्टी. तिनं घालून बघितले नाहीत. घडी करून पिशवीत ठेवले. तातेरावनं तेलाचे दोन कॅन धुऊन वाळवले, नवी सुती दोरी आणली. प्रेमला शिकवायचं म्हणून.

जालन्याहून रेल्वेनं हैदराबाद, तिथून विमान. विमानतळावर तपासणीवाल्यानं कॅन उचलून हलवले, टोपणं काढून वास घेतला. "इसमें क्या है?"

तातेराव म्हणाला, "हवा है साहब."

"हवा किसलिये ले जा रहे हो?"

"उधर की हवा का भरोसा नहीं."

मागच्या रांगेतल्या बाया हसल्या. साहेबानं कपाळाला हात लावला अन् कॅन सोडले. त्या दिवशी नवऱ्याला मी पहिल्यांदा विनोद करताना बघितलं. घर सोडलं की माणसं उघडतात, हे आमच्या लोकांना कुणी सांगितलेलंच नाही.

पोर्ट ब्लेअरहून जहाजानं एका लहान बेटावर गेलो. बंगाली बाईची खोली होती, किनाऱ्यापासून शंभर पावलांवर. तिला आम्ही मौसी म्हणायला लागलो. सामान टाकलं अन् दुपारी एकच्या सुमारास किनाऱ्यावर गेलो.

काय पाणी! हिरवं, निळं, खालची वाळू दिसेल असं नितळ. झाडांच्या मुळांपर्यंत आलेलं. लाटा अशा की मांजर दूध पितं तेवढाच आवाज.

प्रेम उभा राहिला अन् विचारलं, "पप्पा, हे कुणाचं हाय?"

"कुणाचंच न्हाई."

"मंग विचारायचं कुणाला?"

"कुणालाच न्हाई. उतर."

प्रेमला कॅन बांधले. तो पळत गेला अन् पहिल्याच लाटेत उलटा झाला. पाठीला कॅन, पाय वर, तोंड खाली. मी किंचाळायच्या आधी प्रिया पाण्यात होती. सात-आठ महिने डबक्याला न शिवलेली पोरगी कमरेएवढ्या पाण्यात शिरली अन् भावाला कॉलर धरून उभं केलं. तो थुंकत थुंकत ओरडला, "कुणीतरी मीठ टाकलंय ह्याच्यात!"

प्रिया हसली. मग तिच्या लक्षात आलं, आपण कुठं उभ्या आहोत. तिनं माझ्याकडं बघितलं. मान हलवली तर घाबरेल, बोलले तर रडेन, असं मला झालं होतं. तिनं हात पुढं टाकले. दहा-बारा हात मारले असतील. मग बाहेर आली, अंग पुसलं अन् गप्प जेवली. पण झोपताना मला म्हणाली, "उद्या लवकर उठव."

उठवायची वेळच आली नाही. सकाळी जाग आली तर तिची जागा रिकामी, निळे कपडे पिशवीत नाहीत. मला आनंद झाला. मी चहाही न घेता किनाऱ्याकडं गेले.

समुद्र नव्हता.

काल जिथं प्रेम उलटा झाला होता तिथं चिखल-वाळू, काळे खडक, हिरवं शेवाळ. होड्या कुशीवर पडलेल्या. खेकडे पळत होते. लांब, फार लांब, पांढरी रेघ दिसत होती पाण्याची. अन् मध्ये ह्या सगळ्या उघड्या पडलेल्या तळात माझी पोरगी उभी होती, निळ्या कपड्यांत, हात खाली सोडून. विहिरीच्या बांधावर उभी होती अगदी तशी.

मी तिच्यापर्यंत पळत गेले. ती म्हणाली, "मम्मी, उपसला."

मी दहावी पास बाई आहे. भरती-ओहोटी मला ठाऊक आहे, परीक्षेला दोन मार्काला व्याख्या लिहिली होती. पण खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की कुणी मोटर लावली. माझी नजर झाडांत पाइप शोधायला गेली. एवढं खोल घातलेलं असतं हे. एवढ्या लांब, विमानानं येऊनसुद्धा ते आमच्याबरोबर आलेलं असतं, अन् कोणताच तपासणीवाला त्याला अडवत नाही.

"ही ओहोटी हाय पोरी," मी म्हणाले. माझाच आवाज मला खरा वाटेना.

तातेराव आला, मागून डोळे चोळत प्रेम. तातेरावनं एक नारळ उचलला, हा चंद्र म्हणाला. मूठ वळली, ही पृथ्वी म्हणाला. चंद्र पाण्याला कसा ओढतो ते सांगितलं. त्याला जेवढं येत होतं तेवढं बराबर सांगितलं.

प्रियानं ऐकून घेतलं. "पप्पा, चंद्र काल नव्हता का?"

"होता."

"मंग काल मी उतरले अन् आजच कसं गेलं?"

तातेरावच्या हातातला चंद्र हातातच राहिला.

मौसी चहा घेऊन आली. आमची तोंडं बघून हसली. "अरे, ये तो रोज का है. दो बार जाता है, दो बार आता है."

"किसने निकाला मौसी?" प्रियानं विचारलं.

"किसने मतलब?"

मग मला सांगावं लागलं. आमच्या मोडक्या हिंदीत, विहिरीपासून कासवापर्यंत सगळं. मौसीचं हसू गेलं. तिनं बाजूला वाळूत थुंकलं, चुलीवरचं तसंच सोडलं अन् आमच्याजवळ बसली. प्रियाला म्हणाली, "तू बैठ यहीं. देख आता है कि नहीं. मैं भी बैठती."

जीपवाला आला, दुसरे किनारे दाखवायला. भाडं आधीच दिलेलं होतं. तो हॉर्नवर हॉर्न मारायला लागला.

"अवो, त्याला जा म्हणा," मी तातेरावला सांगितलं.

"पैसे परत न्हाई देणार तो."

"खाऊ दे त्याला. पाणी येईपर्यंत इथून कुणी उठायचं न्हाई."

बसलो. सहलीला आलेली माणसं समोरून जायची, आमच्याकडं बघायची. एक कुटुंब चिखलाकडं तोंड करून रांगेत बसलेलं, मध्ये तेलाचे दोन कॅन. एका पुणेरी बाईनं थांबून मला विचारलं, "तुमचं काही हरवलंय का?"

"हाव," मी म्हणाले. "समुद्र. येईल एवढ्यात."

प्रेमनं वाळलेल्या काड्या गोळा केल्या. पाण्याच्या रेघेपासून आमच्यापर्यंत एक-एक खोचत आला. तो पळत जायचा, काडी बघून यायचा. "अजून न्हाई!" पुन्हा जायचा. "अजून न्हाई!" प्रत्येक वेळी प्रियाची मान थोडी खाली जायची. ऊन वर आलं. समजा, म्हणलं, समुद्रानंही दगा दिला तर? मग मी कुठं नेऊ हिला? ह्याच्यापेक्षा मोठं पाणी आहे का कुठं?

साडेनऊच्या सुमाराला लांबून प्रेमची किंकाळी आली. "बुडली! काडी बुडली!"

प्रिया उठली. पळाली नाही. चालत गेली, खडक चुकवत, अर्ध्या वाटेवर सपाट वाळू बघून थांबली. मी मागं गेले तर हात करून मला अडवलं. "तू मागं ऱ्हाय. मी उतरणार न्हाई. मी इथं उभी राहते. त्याला यायचं असंल तर येऊ दे."

अन् ती उभी राहिली.

पाणी आलं. एकदम नाही, चोरासारखंही नाही. घरच्या माणसासारखं आलं, इकडं तिकडं बघत, खड्डे भरत. तिच्या अंगठ्याला लागलं. तिनं श्वास धरला. मी पण धरला. पाणी मागं गेलं. मला वाटलं संपलं सगळं. पुन्हा आलं, अन् ह्या वेळी घोट्यापर्यंत. ती हलली नाही. प्रत्येक लाटेला मागं जायचं, प्रत्येक लाटेला थोडं जास्त यायचं. पोटऱ्या गेल्या, गुडघे गेले. कुशीवर पडलेल्या होड्या हलायला लागल्या, उठून बसल्या. माझी पोरगी एका जागी खांबासारखी उभी, अन् एवढा मोठा समुद्र तिला विचारून विचारून वर चढत होता. कुणाची पोरगी, म्हणून त्यानं विचारलं नाही. गावात घर कोणत्या अंगाला, ते विचारलं नाही.

दुपारी पाणी तिच्या छातीला लागलं तेव्हा तिनं वळून आमच्याकडं बघितलं अन् ओरडली, "आलं मम्मी! मी असताना आलं!"

मग पाय सोडले अन् पोहायला लागली. मौसीनं जोरात काहीतरी बंगालीत म्हणलं. मला कळलं नाही, पण ती शिवी होती अन् ती आण्णाला होती, एवढं कळलं.

तातेराव रडत होता. मी नाही रडले. मी फोन काढला. प्रियाचा व्हिडिओ घेतला, चांगला दोन मिनिटांचा. गावाचा ग्रुप उघडला, जिथं आण्णाचा तो विहिरीवरचा फोटो अजून डीपीला लावलेला होता. व्हिडिओ टाकला अन् खाली लिहिलं: 'रखमाजी आण्णा, झुंबरबाईची नात समुद्रात उतरली आहे. गाळ काढायला या. मोटर किती हॉर्सपावरची लागंल ते बघून आणा. चारी बाजूनं पाणी आहे. बेबीनंदा.'

नाव मुद्दाम घातलं. नंबरावरून कळलं असतं, तरी घातलं.

फोन तातेरावकडं दिला. प्रिया पाण्यातून ओरडत होती, "मम्मी, तू पण ये!"

"मला कुठं येतं गं?"

खरंच येत नव्हतं. माझ्या माहेरी हंडे भरता भरता बालपण गेलं. अर्धं आयुष्य पाणी डोक्यावर वाहिलं, पाण्यात कधी उतरले नाही. उतरायचं असतं, हेही डोक्यात आलं नाही.

प्रिया निथळत बाहेर आली. प्रेमच्या बाजूला पडलेले दोन्ही कॅन उचलले. "वळ," म्हणाली. मी चौतीस वर्षांची बाई, पंजाबी ड्रेसमध्ये, सगळ्या सहलवाल्यांसमोर पाठ करून उभी राहिले. तिनं दोरी माझ्या काखेतून घेतली, आवळली, गाठ मारली, कॅन हलवून बघितले. सूरजनं तिला बांधले असतील तसेच. तिचा हात कुठंही अडखळला नाही.

"घट्ट बांध," मी म्हणाले.

"घट्टच हाय. भिऊ नको."

कमरेपर्यंत गेले तेव्हा काठावर फोन वाजायला लागला. तातेरावनं हात वर करून ओरडून सांगितलं, "राजानंद हाय! तुला ग्रुपमधून काढणार म्हणतो! आण्णा लई चिडलाय म्हणतो! म्हणतो व्हिडिओ काढा, माझी नोकरी जाईल! पुन्हा पुन्हा तेच म्हणून राह्यलाय, काय सांगू?"

"काढायचा न्हाई म्हणून सांगा! अन् दुसरी नोकरी बघ म्हणा, जालन्याला ये! पण काढायचा न्हाई!"

तातेराव एवढ्या मोठ्यानं फोनमध्ये बोलला की सगळ्या किनाऱ्यानं ऐकलं. फोन लगेच पुन्हा वाजायला लागला. त्यानं तो शर्टात गुंडाळला, वाळूत ठेवला अन् प्रेमला खांद्यावर घेऊन पाण्यात शिरला.

मी मान वळवून त्या शर्टाकडं बघत होते. गावी जायचं होतं, सासू तिथं होती, उन्हाळा पुन्हा येणार होता. प्रियानं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं फिरवलं.

"तिकडं बघू नको मम्मी. पाय मार."

पायाखालची वाळू सुटली. मी पाय मारला.